सात नंबरची मूस

भात शिजायच्या आत तीनदा झाकण उघडून बघणारी बाई म्हणून मी आमच्या घरात बदनाम आहे. चहाला नीट उकळी यायच्या आधी मी तो गाळते आणि समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी मीच पुरं करते. माझ्यासारखीनं कुठली नोकरी धरू नये, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की तापलेली वस्तू थंड होण्याची वाट बघायची नोकरी धरू नये. नेमकी तीच मी गेली बारा वर्षं करते आहे. नवीन जालन्यात बियाणे कंपन्यांची ऑफिसं आहेत, त्या रस्त्याच्या मागच्या अंगाला आमची टेस्टिंग लॅब आहे.

लोक मसाले आणतात, पशुखाद्य आणतात, डाळीचं पीठ आणतात. त्यात काय आहे आणि काय नसायला हवं होतं, ते आम्ही सांगतो. यातलं सगळ्यात जुनं काम म्हणजे राख तोलणं. मिरचीपूड चिनी मातीच्या लहानशा वाटीत घ्यायची, भट्टीत जाळायची, राहिलेली राख आम्लात उकळायची. तरीही जे विरघळत नाही ते गाळून, परत त्याच वाटीत जाळून, वाटीसकट तोलायचं. त्यातून रिकाम्या वाटीचं वजन वजा केलं की उरते ती माती. या वाटीला पुस्तकात क्रुसिबल म्हणतात. आमच्याकडे तिला मूस म्हणतात, कारण आपा मूस म्हणायच्या.

आपा आमच्या सीनियर केमिस्ट. जुन्या जालन्यातल्या. घरी उर्दू, लॅबमध्ये मराठी, आणि रागावल्या की दोन्हींपैकी काहीच नाही, नुसतं बघणं. त्यांचे अब्बा चांदीचं काम करायचे, चांदी मुशीत वितळवायचे, म्हणून मूस हा शब्द त्यांच्या तोंडात लहानपणापासूनचा. मी रुजू झाले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम एक स्वच्छ पंचा. त्यांचं चालणंसुद्धा असं, की हातात काही नसतानाही काहीतरी न सांडता नेत आहेत असं वाटावं.

त्यांच्याकडे बारा मुशी होत्या. प्रत्येकीवर नंबर. साध्या पेनानं लिहिलेला नंबर भट्टीत उडून जातो, म्हणून आपा लोखंडाच्या क्षाराचं पाणी करून काडीनं नंबर घालायच्या. तो जळून विटकरी व्हायचा आणि मग जन्मभर राहायचा. प्रत्येक मुशीला एका वहीत वेगळं पान होतं. त्या पानावर तिचं रिकामं असतानाचं वजन, तारखेनिशी, ज्या ज्या वेळी तोललं त्या त्या वेळचं. मला हा प्रकार सुरुवातीला फार विनोदी वाटला. रिकामी वाटी ती रिकामी वाटी, तिची कसली कुंडली मांडायची, असं मी एकदा बोलूनही गेले होते. आपांनी नुसतं बघितलं.

त्यांची रीत अशी. मूस भट्टीत तापवायची. चिमट्यानं काढून डेसिकेटरमध्ये ठेवायची. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं झाकणाचं भांडं, तळाला ओलावा शोषणारे निळे खडे. तिथं ती थंड होऊ द्यायची. मग तोलायची, पण आकडा पक्का मानायचा नाही. पुन्हा भट्टी, पुन्हा थंड, पुन्हा वजन. दोन्ही वेळचे आकडे जुळले तर ठीक, नाहीतर तिसऱ्यांदा. जुळले की आपा म्हणायच्या, "आता लिही." त्याआधी वहीत पेन्सिलीनं टिपायची मुभा होती, पेन लावायची नव्हती.

वजनाची खोली एवढीशी, एसीची. कडप्प्याच्या जाड ओट्यावर काचेच्या पेटीतला काटा. तिथं बोलायचं नाही, ओट्याला टेकायचं नाही, मुशीला बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलाचंही वजन होतं. काट्यावर मूस ठेवून आपा काचेचं दार लावायच्या आणि हात मागं बांधून उभ्या राहायच्या. शेवटचा आकडा थोडा वेळ चुळबुळ करायचा. तो स्थिर होईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. मी मागे उभी राहून पायाचे अंगठे हलवत असे. आज सांगते, मला त्यांचा हेवा वाटायचा. एवढं शांत उभं राहता येणं ही मला चालून आलेल्या कुठल्याही स्थळापेक्षा मोठी गोष्ट वाटायची.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ते प्रकरण झालं. मे महिना होता. भोकरदन तालुक्यातल्या, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडच्या एका गावातून बायांच्या बचत गटाचा नमुना आला होता. त्या भागात मिरची भरपूर. गटानं पहिल्यांदाच स्वतः पूड करून पाकिटं भरली होती आणि एका मोठ्या दुकानाला द्यायच्या आधी तपासणी मागितली होती. मी नमुना घेतला, सगळं केलं, अहवाल लिहिला. माती मर्यादेपेक्षा जास्त. जराशीच, पण जास्त. खाली माझी सही, तपासणारी म्हणून आपांची. अहवाल टपालानं गेला आणि मी तो विसरून गेले.

आठवडाभरानं एक बाई तोच कागद हातात घेऊन दारात उभी राहिली. चाळिशीपुढची, उंच, उन्हानं रापलेली. नऊवारी नाही, पाचवारीच, पण पदर कमरेला असा खोचलेला की ही भांडायलाच आली आहे हे मला लगेच कळलं. भांडणाला मी कधी नाही म्हणत नाही.

"मॅडम, ह्या कागदावर तुमी माती लिव्हली. माती आली कुठून ते सांगा."

मी म्हटलं, "मावशी, ते आम्ही कसं सांगणार? आम्ही फक्त किती आहे ते सांगतो."

"मिरची म्या धुतली. देठ खुडले. गच्चीवर ताडपत्री टाकून वाळवली, वरून साड्या झाकल्या. दोन दिस राखण केली. माती कुठून येईल?"

"वाऱ्यानं येते, पायानं येते."

"पाय? म्या गच्चीवर चप्पल चढू दिली न्हाई कुनाची." तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "वाळवायचं काम माझ्याकडंच व्हतं. आता समद्या जणी म्हणून राह्यल्या, हिनंच वजन वाढवायला माती मिसळली. उद्या सांजच्याला बैठक हाय. मला गटातून काढून राह्यल्या."

यावर माणसानं गप्प बसावं. मी नाही बसले. मी म्हटलं, "मावशी, आमचा काटा कुणाचं तोंड बघून वजन देत नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं. आज आठवलं तरी कान गरम होतात.

आपा आतून हे ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझी कामाची वही मागितली. उभ्या उभ्याच त्यांनी पान काढलं, बोट फिरवलं. मग आत जाऊन मुशींची वही आणली. दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी छताकडे.

"बेटा," आपा म्हणाल्या, "सात नंबर इतकी हलकी कवा झाली?"

मला समजलं नाही. त्यांनी मुशींच्या वहीतलं सात नंबरचं पान माझ्यापुढे सरकवलं. दोन वर्षांची वजनं एकाखाली एक. शेवटचा आकडा इकडे तिकडे, बाकी सगळं तेच. आणि माझ्या वहीत त्या दिवशीची रिकामी सात नंबर, तिच्या नेहमीच्या वजनापेक्षा अडीच मिलिग्रॅमनं कमी. अडीच मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतल्या मिठाचे मोजके कण. एवढ्यानंच अहवाल मर्यादेच्या पलीकडे गेला होता.

"हिचं दुसरं वजन कुठाय?"

"एकदाच घेतलं," मी म्हटलं.

"का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण आपांच्या समोर खोटं बोलायला लागणारा दम माझ्यात नव्हता. "कंटाळा आला होता," मी म्हटलं. बाईंनी ते ऐकलं.

आपा रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "डेसिकेटर कुठं ठेवला होता?"

"भट्टीच्या खोलीत. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत. अर्धा तास, घड्याळ लावून."

भट्टीची खोली म्हणजे लॅबच्या मागे काढलेली पत्र्याची शेड. एरवी आपांचा डेसिकेटर वजनाच्या खोलीत, काट्याशेजारी थंड व्हायचा. मला तो जड काचेचा गोळा दोन दारं ओलांडून न्यायचा आळस आला होता. पुस्तकात खोलीच्या तापमानाला येऊ द्या असं लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तक लिहिणारा माणूस मे महिन्यात जालन्यातल्या पत्र्याखाली कधी उभा राहिलेला नसतो. मी त्या शेडच्या तापमानाला मूस थंड केली, आणि तोलली एसीत. राखेची मूस मात्र शेवटी वजनाच्या खोलीतच राहिली होती, कारण त्या संध्याकाळी वीज गेली आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी तोलली. म्हणजे रिकामी गरम आणि भरलेली थंड.

हे माझ्या डोक्यात जुळत होतं, आणि मी लगेच ते बोलायलाही लागले. आपांनी हात वर केला.

"तसं झालं असंल. पण असंल म्हणून चालत न्हाई. करून बघू. त्या दिवशी जसं केलं तसंच कर. बिलकुल तसंच. चांगलं करायला जाऊ नको."

आपली चूक पुन्हा, मुद्दाम, तशीच्या तशी करणं किती अवघड असतं ते मला त्या दुपारी कळलं. सात नंबर भट्टीत तापवली. डेसिकेटरमध्ये घातली, पत्र्याच्या शेडमध्ये त्याच फळीवर ठेवली, अर्ध्या तासाचं घड्याळ लावलं. मावशी शेडच्या दारात बसून होत्या. त्यांनी घरून आणलेली भाकरी सोडली, अर्धी आपांना दिली, जरा थांबून चतकोर मलाही दिली. मिरचीचा ठेचा असा होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही.

अर्ध्या तासानं मी मूस काट्यावर ठेवली. आपांनी नियम मोडून मावशींना खोलीत घेतलं होतं, चपला बाहेर काढायला लावून. आकडा दिसला. माझ्या वहीतल्या त्या दिवशीच्या आकड्याच्या अगदी जवळ. मग तो हलू लागला. वर. एक, दोन, तीन, शेवटचा आकडा हळूहळू चढत होता, थांबत नव्हता. कुणी हात लावला नव्हता, काही घातलं नव्हतं, आणि रिकामी मूस काट्यावर बसल्या बसल्या जड होत होती. माझी चूक माझ्या डोळ्यांदेखत वर येत होती. मी अंगठे हलवायचे विसरले.

बाहेर आल्यावर आपांनी मावशींना समजावलं. "चुलीवर हात धरला तर गरम हवा खालून लागती न? ही मूस बी तशीच. भवतालची हवा गरम करती, ती हवा वर जाती अन काट्याच्या पारड्याला जरासं उचलती. मंग काटा म्हणतो, हलकी हाय. थंड होती तशी खरं वजन सांगती."

"म्हंजी रिकामं भांडं हलकं धरलं," त्या म्हणाल्या, "अन जेवढं हलकं धरलं तेवढं माझ्या मातीत घातलं."

मला हे समजायला कॉलेजची तीन वर्षं आणि नोकरीची दोन वर्षं लागली होती.

मी म्हटलं, "आपा, मग वजाबाकी करू या की. आपल्याला खरं रिकामं वजन माहीत आहे. आत्ता दहा मिनिटांत नवा अहवाल होतो." मावशींचा चेहरा उजळला. आपांनी नाही म्हटलं. त्या दिवशी काय काय झालं होतं ते आता कुणालाच नक्की माहीत नाही, त्यामुळे सगळं पहिल्यापासून करायचं. मावशींनी पिशवीतून पूड भरलेलं नवं पाकीट काढलं, तर आपांनी तेही घेतलं नाही. "हे न्हाई चालणार बाई. आमच्याकडं तुमचाच जुना नमुना शिल्लक हाय, सीलबंद. त्यातलंच घेणार. अन एक सांगते, पुन्हा केल्यावर माती जास्त निघाली तर मी जास्तच लिहीन."

"लिव्हा," मावशी म्हणाल्या. "पर माझ्या म्होरं सील तोडा."

त्या संध्याकाळी आपांनी आणि मी रिकामी सात नंबर दोनदा तापवून, वजनाच्या खोलीत थंड करून, दोनदा तोलली. दोन्ही आकडे वहीतल्या तिच्या नेहमीच्या वजनाशी जुळले. "आता लिही," आपा म्हणाल्या. मी लिहिलं. माझं अक्षर त्या ओळीत बालवाडीतल्या पोरीसारखं आलं आहे.

दुसऱ्या दिवशी मावशी पहिल्या गाडीनं आल्या. त्यांच्यापुढे सील तोडलं, पूड तोलून मुशीत घेतली. मिरची जळायला लागली की धूर ओढून घेणारा पंखा असूनही अख्खी लॅब शिंकते. सर, म्हणजे लॅबचे मालक, नाकाला रुमाल लावून दोनदा डोकावून गेले. मावशी मात्र खुशीत होत्या. "ठसका बघा," त्या म्हणाल्या, "मातीचा असतो का असला ठसका?" मग मिरचीची राख झाली, राख आम्लात उकळली, गाळली, गरम पाण्यानं धुतली, गाळणीच्या कागदासकट परत मुशीत घालून जाळली. प्रत्येक पायरीला मी आपांकडे बघत होते आणि प्रत्येक पायरीला आपा मुशीकडे बघत होत्या. त्यांनी मला काहीही हातातून काढून घेतलं नाही. सगळं माझ्याच हातानं करवलं. आपांचा माझ्यावरचा विश्वास माझ्या स्वतःवरच्या विश्वासापेक्षा जास्त होता, एवढं मला कळत होतं.

दुपारी चारच्या सुमाराला पहिलं वजन आलं. मूस पाऊण तास काट्याशेजारी थंड झालेली, आकडा एकदाच चुळबुळला आणि बसला. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि खोलीचा नियम विसरून ओरडले, "आत आहे! मर्यादेच्या आत आहे!"

"एकदाच झालं," आपा म्हणाल्या.

अडचण अशी होती की साडेचारची गाडी मिळाली तर मावशी सहाच्या बैठकीला पोचणार होत्या. दुसऱ्या वजनाला अजून दीड तास हवा होता. सरही आत आले, म्हणाले, "आपा, आलंय ना आत? द्या ना बाईंना कागद, जाऊ द्या." मलाही तेच वाटत होतं. त्या बाईंची अब्रू बैठकीत पणाला लागली होती आणि आपा दोन मिलिग्रॅमच्या मागे लागल्या होत्या. मला त्यांचा खरंच राग आला.

आपा मावशींकडे वळल्या. "तुमची गाडी जाईल. तुम्ही म्हणाल तसं करू. पण एका वजनावर मी सही करणार न्हाई. मागं एकदा केली."

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग कमरेचा पदर सोडून खुर्चीत नीट बसल्या. "एकदाच केलेल्या वजनानंच मला हा दिस दाखवला," त्या म्हणाल्या. "होऊ द्या दुसऱ्यांदा. गाडी गेली तर गेली."

दुसऱ्यांदा तापवून, थंड करून, सात नंबर काट्यावर ठेवली. त्या वेळी मी हात मागे बांधून उभी होते, आणि हे मी ठरवून केलं नव्हतं. आकडा बसला. दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत पहिलाच. आपांनी चष्मा काढून पंचानं पुसला, परत घातला, परत बघितलं.

"आता लिही."

सरांचं म्हणणं होतं की नवा अहवाल द्यावा, जुना रद्द करावा, विषय संपला. आपा म्हणाल्या, रद्द का झाला तेही लिहावं लागेल.

"आपा, लोक म्हणतील लॅब चुकते."

"लॅब चुकती," आपा म्हणाल्या. "लॅब सांगती बी, हे पण कळू द्या लोकांना."

सर चांगले होते, फक्त त्यांना धंदा होता. थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर निघून गेले, म्हणजे हो म्हणाले. आपांनी छापील अहवालाखाली मोकळ्या जागेत आपल्या गोल अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि सही केली. मी म्हटलं, "आपा, चूक माझी आहे. तुमची सही कशाला?"

"पहिल्या कागदावर दुसरी सही कुणाची हाय? तू एक वजन लिहून आणलंस अन मी वही न उघडता सही केली. गरम मूस तू तोललीस, बेटा. पण तपासायचं माझं होतं." त्यांनी पेन माझ्या हातात दिला. "आता तुझी कर."

त्या वेळी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्या मागे सरल्या असत्या आणि मागे काट्याचा ओटा होता. सही केली. पण त्या दिवसापासून आजतागायत, कुठल्याही कागदावर दुसरी सही करताना मी आधी वही उघडते. एवढ्या थोड्या शब्दांत एवढं मोठं कुणी मला शिकवलेलं नाही.

सहा वाजून गेले होते. मावशींनी कागद घेतला, ओळींवरून बोट फिरवत हळूहळू सगळा वाचला आणि घडी न घालता माझ्यापुढे धरला. पदराच्या गाठीतून मोबाइल काढून त्यांनी फोन लावला. बैठक सुरू झाली होती. मागे बायांचा गलका ऐकू येत होता. मावशींनी स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवला.

"ज्यांनी माती लिव्हली त्या मॅडम बोलून राह्यल्या," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आयका." आणि मला म्हणाल्या, "वाचा."

पलीकडचा गलका थांबला. मी वाचलं. "ह्या नमुन्यातली माती मर्यादेच्या आत आहे. पहिल्या अहवालातला आकडा आमच्या वजनाच्या चुकीमुळे जास्त आला होता. रिकामी मूस गरम असताना आणि एकदाच तोलली गेली. मिरचीत किंवा ती वाळवणाऱ्या बाईंमध्ये काही दोष नाही." खाली दोन सह्या आहेत, त्यातली एक माझी, हेही मी वाचलं. माझा आवाज मधेच फाटला. पलीकडून फक्त एका बकरीचं ओरडणं ऐकू आलं.

मी कागद खाली ठेवणार, एवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं. आपा चिमट्यानं मूस धरतात तसं, घट्ट पण न दुखवता.

"पुन्हा वाचा."

मी आपांकडे बघितलं. आपा हात मागे बांधून उभ्या होत्या, काट्यासमोर उभ्या राहतात तशा. मी पुन्हा वाचलं, पहिल्या शब्दापासून दोन्ही सह्यांपर्यंत. या वेळी आवाज फाटला नाही.

मावशी फोनवर वाकल्या.

"दोन्ही टायमाला बराबर आलं, बायांनो," त्या म्हणाल्या. "आता लिव्हा."